शेजारणीच्या नवऱ्याचं नाव

पूरग्रस्तांची सेवा करायला मी पांढरी साडी नेसून गेले होते. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे माझ्याविषयी फार आदर बाळगून तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि मलाही मोकळेपणानं लिहिता येईल.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक पास होते आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हते. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर नाला होता आणि त्याच्या काठानं कुडाच्या भिंतींची, कवेलूच्या छपरांची वस्ती. भादव्यातल्या एका सकाळी आमच्याकडे चक्क ऊन पडलं होतं. मी गच्चीवर गाद्या वाळत घालत होते. पाऊस वरच्या अंगाला कुठेतरी रात्रभर कोसळला होता, त्याचं पाणी अकराच्या सुमाराला आमच्या नाल्यात पोचलं. वस्तीतले बाप्ये तेव्हा कामावर गेलेले, कुणी गिरणीत, कुणी इतवारीच्या धान्यबाजारात हमालीला. घरी बाया, म्हाताऱ्या आणि लेकरं. जे हाताला लागलं ते उचलून सगळ्या चढावरच्या नगरपालिकेच्या शाळेत पळाल्या. तासाभरात अर्धी वस्ती पाण्यात बसली.

मी गच्चीवरून हे पाहिलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. खाली येऊन एक नवी कोरी चादर काढली, तिच्या टराटरा पट्ट्या फाडल्या, बिस्किटांच्या डब्यात भरल्या, वर आयोडिनची बाटली ठेवली आणि पांढरी साडी नेसले. चादर माझ्याच रुखवतातली होती, त्यामुळे सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त साडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोन गेलं वं?"

शाळेत हेडमास्तर एकटे धावपळ करत होते. सडसडीत माणूस, काखेत छत्री. त्यांनी मला विचारलं, काय करता येईल तुम्हाला? मी म्हटलं, प्रथमोपचार. प्रथमोपचार मी शाळेच्या पुस्तकातल्या एका चित्रात पाहिला होता. त्या चित्रातला जखमी मुलगा हसत होता. इथे माझ्यापुढे एका म्हाताऱ्याला आणून बसवलं, त्याची नडगी पत्र्यानं कापली होती. मी डबा उघडला, पट्टी काढली, जखमेकडे नीट पाहिलं आणि त्याच्या शेजारी बसले. मग आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा तो म्हातारा आपल्या टोपीनं मला वारा घालत होता. त्याच्या पायाला माझीच पट्टी दुसऱ्या कुणीतरी बांधली होती, अगदी व्यवस्थित. तो मला म्हणाला, "बाई, तुमाले दवाखान्यात न्यायचं का?"

हेडमास्तर भले गृहस्थ. हसले नाहीत. त्यांनी विचारलं, अक्षर कसं आहे? मी म्हटलं, वर्गात पहिलं होतं. मग त्यांनी मला रेघांची एक वही दिली, फाटकाशी टेबल-खुर्ची दिली आणि काम सांगितलं. संध्याकाळी कामावरून माणसं परततील, घरं दिसणार नाहीत, मग आपली मंडळी शोधत इथे येतील. आलेल्या माणसाला त्याचं घरचं कुणी इथे आहे की नाही, ते दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. तेवढी यादी करा.

मला ते काम फार हलकं वाटलं. मी माणसं वाचवायला आले होते आणि मला कारकून केलं होतं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. अनवाणी, डोक्यावर आमचा मोठा तवा आणि पाठीमागे गल्लीतल्या दोघी जणी पीठ घेऊन. मला लाज वाटली. मी टेबलाशी वही घेऊन बसलेली आणि माझी सासू तवा घेऊन येते, म्हणजे काय. त्यांनी हेडमास्तरांना पाया पडू का नको अशा बेतानं नमस्कार केला आणि विचारलं, पिण्याचं पाणी कुठी हाय? रांजणाशी गेल्या तर पोरं त्यात हात बुडवून पाणी पीत होती. त्यांनी वस्तीतल्याच एका धीट म्हातारीला रांजणाशी बसवलं, हातात ओगराळं दिलं आणि सांगितलं, पाणी तू वाढायचं, बाकी कोणी हात घालायचा नाही, माह्या पोरानं मागितलं तरी नाही. मग चुलीकडे वळण्याआधी दोन बायांना विचारून आल्या, भाकर खाता की पोळी, बाळंतीण कोणी हाय का. आमच्या सासूबाईंना सही येत नव्हती. मी तेव्हा मनात म्हटलं, विचारत काय बसल्या आहेत, सरळ वाढायला घ्यावं.

यादी मी सुरेख केली, हे मात्र कबूल करा. पट्टीनं चार रकाने आखले. अनुक्रमांक, बाईचं नाव, मुलं, कुटुंबप्रमुख. पहिली बाई आली, नाव सांगितलं, मुलं सांगितली. कुटुंबप्रमुखाचं नाव विचारल्यावर तिनं पदर ओढला आणि म्हणाली, पोट्टीचा बाप. दुसरी म्हणाली, आमच्या पोट्ट्याचा बाप. तिसरीनं नुसतंच आपल्या लेकराकडे बोट दाखवलं. नवऱ्याचं नाव कोण घेतं? मी तरी कुठे घेत होते. आमच्याकडे पोस्टमन आला की मी "ते घरी नाहीत" म्हणायचे आणि त्याला कळायचं. त्यामुळे मला यात काही वावगं दिसलं नाही. आडनाव विचारायचीही सोय नव्हती, अर्ध्या वस्तीचं आडनाव एकच. वस्तीतली बरीच घरं दीक्षा घेतलेली. रांजणाजवळची म्हातारी तिथूनच म्हणाली, देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले बाई, पर हे काही जिभेवरून सुटलं नाही.

मला तर युक्ती सुचली. मी म्हटलं, अहो, मग उखाण्यात घ्या की.

एक तरणी बाई, कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू, माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "घर वाहून गेलं बाई. आता यमक कुठून आनू?"

मी खाली मान घातली आणि पुढचा बाप लिहिला.

त्याच बाईची गोष्ट सांगायची आहे. तिला आठ वर्षांची एक मुलगी होती. त्या सकाळी तिनं मुलीला डबा घेऊन बापाकडे पाठवलं होतं, इतवारीत. वाट नाल्यावरच्या लाकडी साकवावरून. मुलगी निघाली आणि थोड्याच वेळात पाणी आलं. साकव गेला. मुलगी त्याआधी पलीकडे गेली की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी ती बाई स्वतः लांबच्या रस्त्यानं इतवारीत जाऊन आली होती, तर बाजारात गुडघाभर पाणी, दुकानं बंद आणि ओळखीचं एक माणूस नाही. तिनं हे सगळं मला रडत वगैरे सांगितलं नाही. एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, मी तिला थांब म्हटलं होतं, मिरची बांधून देते म्हटलं होतं, मग मीच म्हटलं जा. थांबली असती तर घरी होती. म्हणजे तिचं मन एवढ्याच जागी गरगरत होतं, मिरचीला लागणाऱ्या दोन मिनिटांत.

मी तिच्या पुढे लिहिलं, मुलं दोन, एक सोबत. कुटुंबप्रमुख, पोट्टीचा बाप. त्या संध्याकाळी जे थोडे बाप्ये परतले, त्यांना त्यांच्या बायांनीच फाटकाशी ओळखून आत नेलं, त्यामुळे वही उघडायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ती नाल्याकाठी जाऊन उभी होती, लेकराला घेऊन. मी मात्र नऊ वाजता टेबलावर हजर. आदल्या दिवसाच्या अपमानानं पांढरी साडी घरी ठेवली होती, पण वहीला कव्हर घातलं होतं. अकराच्या आधी, वस्तीतल्या बाया मागच्या अंगाला भाकरी खायला बसल्या असताना, फाटकाशी एक माणूस आला. दणकट, खांद्यावर गमछा, डोळे लाल. म्हणाला, रात्र पलीकडच्या शाळेत काढली, तिथं नाहीत, इथं पाहा बाई, घरची मंडळी हाय का, कडेवर लेकरू हाय. मी म्हटलं, लेकरू सगळ्यांच्याच कडेवर आहे, नाव सांगा. त्याला वाटलं मी त्याचं नाव विचारते. बायकोचं नाव तो तरी कशाला घेईल? त्यानं स्वतःचं सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मी चौथ्या रकान्यावरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत. पानं उलटून. त्या रकान्यात नुसते बाप होते, नाव एकाचंही नव्हतं, आणि मी मॅट्रिक पास बाई, मान वर करून ठामपणे म्हटलं, नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माणसाच्या हाती वही-पेन आलं की त्याला सल्ला सुचतो. मी विचारलं, त्यांचं माहेर कुठलं? तो म्हणाला, पारशिवनीकडे. मी म्हटलं, मग तिकडेच गेल्या असतील. अशा वेळी बाई माहेरीच जाते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. वहीला कव्हर होतं, त्यामुळे त्याचा विश्वास बसला असावा. बाराची गाडी सापडते मग, म्हणाला, हात जोडले आणि गेला.

मला इतकं बरं वाटलं. एक माणूस मार्गाला लावला.

सासूबाई भाकरी थापता थापता हे बघत होत्या. उठून आल्या, हात पिठाचे. कोण होता तो, विचारलं. मी सगळं सांगितलं, जरा थाटातच. त्या म्हणाल्या, वाच पाहू काय लिहिलं ते. मी वाचलं. पोट्टीचा बाप, पोट्ट्याचा बाप, धाकल्याचा बाप, पोट्टीचा बाप. पानभर ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "बाप सारेच हायेत वं. यात त्याचं नाव असतं तं कसं असतं?"

माझे हातपाय गार पडले. आदल्या दिवशी रक्त पाहून पडले होते, त्यापेक्षा वाईट. तिथे निदान पडायला वेळ तरी होता.

मी म्हटलं, पण नाव कुणी सांगतच नाही, मी काय करू? सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पिठात मीठ घालायला विसरले.

"आपल्या नवऱ्याचं नाही घेत. शेजारणीच्या नवऱ्याचं घ्यायले कोणाचं काय जाते?"

त्यांनीच बायांना व्हरांड्यात जोडीजोडीनं बसवलं, जिच्या घराला जिचं घर लागून तिच्या शेजारी. आणि मग काय सांगू. जी काल पदरात तोंड लपवत होती ती आज शेजारणीच्या नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, तो कुठे कामाला जातो, कितीला येतो, पिऊन येतो की तसाच, सगळं खडाखडा सांगत होती. शेजारीण तिला चिमटे काढत होती. काल सकाळपासून त्या शाळेत पहिल्यांदा कुणी हसलं. मी लिहीत होते आणि माझं लक्ष वहीत नव्हतं. नाल्याकाठी उभ्या असलेल्या बाईची शेजारीण म्हणजे ती रांजणावरची म्हातारी. तिची पाळी आली. ओगराळं मांडीवर ठेवून तिनं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. तेच. पाऊण तासापूर्वी मी ते कानानं ऐकून "नाहीत" म्हटलं होतं.

मी धावले. तेव्हा मला धावता येत होतं, आणि साडी सावरायचं भान नव्हतं. काठावर ती चिखलात उभी होती. मी म्हटलं, तुमचे मालक आले होते. गाडीला गेलेत. चला. ती कुठे, कशाला, काही विचारायला थांबली नाही. शाळेच्या कोपऱ्यावर सासूबाई सायकलरिक्षा थांबवून उभ्या. लेकराकडे हात पसरून म्हणाल्या, ते दे इकडं, तुमी निघा.

एसटी स्टँडपर्यंतचा तो रस्ता मी आजही कधी स्वप्नात जाते. चढ आला की रिक्षावाला खाली उतरून ओढायचा, आणि मी मनातल्या मनात त्याला ढकलायचे. मला तिला सांगायचंच होतं की तुमच्या माणसाला मी घालवलं. सांगितलं. माहेरचा सल्लासुद्धा सांगितला. मला वाटलं ती मला रिक्षातून ढकलून देईल, आणि दिलं असतं तर मी पडले असते. तिला त्यातलं काही ऐकूच आलं नसावं. तिनं एकच विचारलं, "पोट्टी होती का संगं?"

तो एकटाच फाटकाशी आला होता. पण एकटाच आला म्हणजे मुलगी नाहीच, असं थोडंच. कुठे बसवून आला असेल. नसेलही. मी त्याला माहेर विचारलं होतं, बापाचं नाव विचारलं होतं, आणि मुलगी सोबत आहे का एवढं विचारायला मला जीभ नव्हती.

"मी विचारलं नाही," मी म्हटलं.

तिनं रिक्षाची दांडी दोन्ही हातांनी धरली. पुढचा सगळा रस्ता मी त्या हातांकडे बघत होते.

स्टँडवर ही गर्दी. पुरामुळे सकाळपासूनच्या गाड्या उशिरा सुटत होत्या, म्हणून बाराची अजून उभी होती, पण इंजिन चालू झालं होतं. कंडक्टर मागच्या दारात. चार-पाच माणसं अजून चढायची होती, आणि त्यांत शेवटून दुसरा तो गमछा. तो आमच्याकडे पाठ करून होता. मधे टोपल्या, ट्रंका, बकऱ्या, आणि एक गाडी आमच्या वाटेत मागे येत होती. पोचणं शक्य नव्हतं.

ती ओरडली, "अवो!"

अख्खं स्टँड वळलं. कंडक्टर वळला, चणेवाला वळला, पाणपोईवरचे दोघं वळले, एक पोलीसही वळला. प्रत्येकाला वाटलं आपलीच. तो तेवढा वळला नाही. बायको इथे नाही, ती माहेरी आहे, असं मीच त्याला सांगितलं होतं ना.

तिनं पुन्हा हाक दिली, तेच. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला. मी माझ्या आवाजात त्याचं नाव पुकारायला तोंड उघडलं, आणि शपथ घेऊन सांगते, घशातून नुसती हवा आली.

मग तिनं त्याचं नाव घेतलं.

नुसतं नाव नाही, बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. एवढ्या मोठ्यानं की मागे येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. तो पायरीवरच थांबला आणि हळूच वळला, आपल्याला कोणी मारतंय की काय अशा चेहऱ्यानं.

ती एवढंच म्हणाली, "पोट्टी?"

त्यानं खिडकीकडे हात केला. खिडकीच्या गजांमधून एक तेल न लावलेलं डोकं बाहेर आलं. मग एक हात बाहेर आला, त्या हातात डबा.

"आई, डबा नाही हरवला पाहा," मुलगी म्हणाली. डबा हरवला म्हणून मार बसेल, ही धास्ती तिला आदल्या दिवसापासून होती.

ती बाई तिथेच खाली बसली, फलाटावर, बकऱ्यांच्या मधे. रडली नाही, बसली. मीही बसले. उभं राहायचं तसं आता काही कारण उरलं नव्हतं. मग कळलं की मुलगी पाणी यायच्या आधीच साकव ओलांडून गेली होती. बापाला डबा देऊन परत निघाली, तर साकवाच्या जागी पाणी. पायात काच रुतली होती म्हणून सकाळी बापानं तिला शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं होतं आणि फाटकाशी एकटा आला होता. माझ्यापासून वीस पावलांवर ती चहा पीत बसली होती. स्टँडवरही जागा धरायला त्यानं तिला आधीच गाडीत बसवलं होतं.

कंडक्टरनं मुलीला उचलून खाली दिलं आणि घंटी मारली. गाडी गेल्यावर तो माणूस बायकोपुढे उभा राहिला.

"नाव घेतलं तुनं," तो म्हणाला. "भर स्टँडात."

"मंग काय करू?" ती म्हणाली. "अवो म्हनलं तं सारं गाव वळलं, तुमीच नाही वळले."

चणेवाला हसायला लागला. मग मुलगी. मग तो. मी इतकी हसले की ठसका लागला, आणि पाणपोईवरच्या एकानं मला पाणी आणून दिलं. त्या दोन दिवसांत मदत करायला गेलेल्या मला एकानं वारा घातला आणि एकानं पाणी पाजलं, याची नोंद असू द्या. मी त्या माणसाची माफी मागितली. तो म्हणाला, "तुमच्या वहीत आमी नव्हतो बाई, तुमी काय करान. आता लिहा."

शाळेत परतलो तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर लेकरू झोपलेलं आणि व्हरांड्यातल्या जोड्या अजून चालूच. मी ते पान काढून टाकलं नाही. त्याच्यापुढे पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं, नाव सांगणारी शेजारीण. हेडमास्तरांनी छत्रीच्या टोकानं तो रकाना दाखवत विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. संध्याकाळपर्यंत जी जी माणसं आली, त्यांना दोन मिनिटांत सांगता आलं. काहींना "नाहीत" असंही सांगावं लागलं, पण त्याआधी मी चार गोष्टी विचारत होते. सल्ला एकालाही दिला नाही.

घरी जाताना तवा मी डोक्यावर घेतला. जड होता. सासूबाई बाजूनं चालत म्हणाल्या, मंग, आता तू घेशील काय माह्या पोराचं नाव? मी म्हटलं, पूर आला तर घेईन.

तसा पूर आमच्या घरावर कधी आला नाही. सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नात तिच्या नवऱ्याला नावानं हाका मारते, तोही ओ देतो, आणि मला त्याचं हसू येत नाही, बरंच वाटतं. ती परवा म्हणाली, आजी, एवढं सगळं लिहिलंस, आजोबांचं नाव कुठेच नाही. मी म्हटलं, नसू दे.

तुम्हाला हवंच असेल तर आमच्या शेजारणीला विचारा. तिला सगळं माहीत आहे.